आमच्याकडे अर्धा मिनिट आधी

रविवारी दुपारी बाराला आमच्या घरात बोलणं बंद होत असे. भांडण नसे, टीव्हीवर फुटबॉल सुरू होत असे. इथला फुटबॉल, लांबट चेंडूचा. हे त्यांच्या खुर्चीत बसत आणि मी खिडकीपाशी पुस्तक घेऊन. खेळ चालू असेपर्यंत मी वाचायचं, जाहिराती लागल्या की पुस्तक पालथं घालायचं आणि आम्ही बोलायचं, असा रिवाज पडून गेला होता. ठरवून काहीच झालं नव्हतं. पण जाहिराती इतक्या लागत, की आठवडाभरात बोलायचं राहिलेलं सगळं त्यात मावत असे. मुलाचं कॉलेज, माझ्या आईचं आजारपण, घर विकून लहान घर घ्यायचं की नाही, हे सगळं आम्ही तुकड्यातुकड्यांनी बोललो आहोत, ट्रकच्या आणि बिअरच्या जाहिरातींचा आवाज बंद करून. खेळ परत सुरू झाला की ते हात वर करत. माझं वाक्य अर्ध्यावर असलं तरी मी थांबत असे. पुढच्या जाहिरातीला ते बरोबर तिथूनच धरत. "हं, मग तुझी आई काय म्हणाली?"

हे फेब्रुवारीत गेले. फुटबॉलचा सीझन नुकताच संपला होता. मुलगा ओहायोहून आला, दारातच मला धरून उभा राहिला, आणि थोड्या वेळानं म्हणाला, "बाबांनी शेवटची गेम होईपर्यंत वेट केलं, आई." कोणी दुसऱ्यानं म्हटलं असतं तर मला ते खटकलं असतं.

आम्ही इलिनॉयमधल्या नेपरव्हिलला आलो तेव्हा यांना या खेळातलं काही कळत नव्हतं. ऑफिसात सोमवारी सगळे त्यावरच बोलत, म्हणून ते बघायला लागले. इंजिनियर माणूस, खेळापेक्षा तो आपल्यापर्यंत पोचतो कसा, यातच त्यांना जास्त रस. कोणता सामना कोणत्या वाहिनीनं घ्यायचा, तो देशातल्या कुठल्या भागात दाखवायचा, कुठल्या भागात नाही, हे सगळं आधी ठरलेलं असतं. दर बुधवारी ते कॉम्प्युटरवर एक नकाशा उघडत. त्यात रंग भरलेले असत. एका रंगाच्या भागात एक सामना दिसणार, दुसऱ्या रंगाच्या भागात दुसरा. मी लायब्ररीत पुस्तकांची वर्गवारी करण्यात आयुष्य घालवलेलं, त्यामुळे तो नकाशा मला आवडत असे. खेळ मात्र माझ्या डोक्यात फारसा शिरला नाही.

एकदाच आम्ही स्टेडियममध्ये जाऊन सामना पाहिला. डिसेंबर होता, तळ्यावरून वारा येत होता, आणि मी साडीवर दोन कोट घालून बसले होते. मध्येच खेळ थांबला. कोणी पडलं नव्हतं, कोणी भांडत नव्हतं. खेळाडू नुसते उभे होते आणि त्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. मैदानाच्या कडेला नारिंगी बाह्यांचा एक माणूस पुढे येऊन उभा राहिला होता. यांनी शेजारच्याला विचारलं, हा कोण? तो म्हणाला, हा टीव्हीचा माणूस. तो बाजूला झाला की समजायचं जाहिराती संपल्या, मग खेळ सुरू. हे कितीतरी वेळ त्या माणसाकडे बघत राहिले. इतकी वर्षं त्यांची समजूत होती, आणि ती त्यांनी इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांना ठासून सांगितली होती, की खेळाडूंना दम खायला वेळ लागतो म्हणून मधल्या वेळात जाहिराती लावतात.

"अगं, म्हणजे हे सगळे आपल्या दिवाणखान्यासाठी थांबलेत," ते म्हणाले.

"मग बोला आता," मी म्हटलं. "जाहिराती चालू आहेत."

ते इतके हसले की पुढच्या रांगेतल्या माणसानं वळून पाहिलं.

मंडळाच्या मीटिंगलाही ते सामन्यांचं वेळापत्रक खिशात घेऊन जात. इथं सण तिथीला होत नाहीत, हॉल मिळेल त्या शनिवारी-रविवारी होतात, आणि यांचा आग्रह असे की हॉलच्या आधी फुटबॉल बघा. एका वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमाला रविवारची दुपार निघाली. हे म्हणाले, "रविवारी बारा ते तीन मी मेलो असं समजा."

नागपूरची एक डॉक्टर होती, आमच्यापेक्षा बरीच लहान, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "मग काका, तीननंतर तेरावं उरकून घेऊ या का? जेवण मंडळाकडून."

सगळे हसले, हे सगळ्यांत जास्त. कार्यक्रम शनिवारी झाला. यांच्या तेराव्याला तीच सकाळपासून स्वयंपाकघरात उभी होती. पोळ्या लाटता लाटता ती एकदम थांबली आणि लाटणं हातात धरून रडायला लागली. तिला काय आठवलं ते मला कळलं. मी तिच्या हातातलं लाटणं घेतलं.

मुलगा नोकरीसाठी ओहायोत गेला, डब्लिनला, आणि नकाशात त्याचा रंग वेगळा झाला. तिथं तिथलेच सामने दाखवतात. घराजवळ राहणाऱ्याला घरचा संघ फुकट दिसतो, लांब गेलेल्याला त्याचे पैसे भरावे लागतात. त्यानं ते पॅकेज घेतलं, केवळ बाबांशी बोलता यावं म्हणून. त्याच्याकडे एक वाजले की आमच्याकडे बारा. फोन लागत असे, स्पीकरवर टाकून यांच्या खुर्चीच्या हातावर ठेवला जात असे. जाहिरातीतलं बोलणं आता तिघांचं झालं.

पण एक अडचण होती. यांनी माळ्यावर स्वतः अँटेना बसवला होता. मुलगा इंटरनेटवरून बघत असे, आणि ते चित्र अर्ध्या मिनिटानं मागे असे. पहिल्याच रविवारी आमच्या संघानं टचडाउन केला, हे ओरडले, आणि पलीकडून मुलाचा आवाज आला, "बाबा! तुम्ही फ्यूचरमधून ओरडताय!" त्यानंतर हे कधी आधी ओरडले नाहीत. काहीही होवो, तोंड मिटून बसत. मग ओहायोतून आरोळी आली की यांची सुरू होई, आत्ताच पाहिल्यासारखी. मी पुस्तकाच्या वरून बघत असे. साखर सोडलेला हा माणूस बिनसाखरेच्या चहात चमचा फिरवत, सगळं ठाऊक असून गप्प बसलेला असे.

या वर्षी सप्टेंबरमध्ये सीझन सुरू झाला. मी पहिल्या रविवारी बाराला टीव्ही लावला आणि फोन खुर्चीच्या हातावर ठेवला. तो वाजला नाही. मुलगा शनिवारी फोन करतो, तसा त्यानं पुढच्या शनिवारी केला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, गेम पाहिलीस का?

"मी ते पॅकेज कॅन्सल केलं, आई. आता नाही बघत मी."

"बरं," मी म्हटलं.

शनिवारचा फोन चांगला असतो. जेवलीस का, बर्फ काढायला माणूस येतो ना, औषधं घेतलीस का. त्याच्या आवाजात काळजी असते. पण रविवारच्या फोनवर तो वेगळा असायचा. खेळावरून वाद घालायचा, बाबांना चिडवायचा, मध्येच त्यांच्यासारखं खाकरायचा. तो मुलगा मला हवा होता. मागावा कसा ते कळत नव्हतं. ज्याला बघवत नाही त्याला बघ म्हणून कसं सांगायचं? म्हणून मी एकटीच बघत राहिले. पुस्तक मांडीवर ठेवायची आणि वाचायची नाही. जाहिराती लागल्या की आवाज बंद करायची. त्या इतक्या लांब असतात हे मला पूर्वी कधी जाणवलं नव्हतं.

आमचा संघ अनेक वर्षं हरत आलेला. या वर्षी तो जिंकायला लागला. डिसेंबरमध्ये बातमी आली की पुढच्या रविवारचा सामना दुपारी बाराऐवजी साडेतीनच्या सुमाराला होईल. वाहिन्यांना शेवटच्या आठवड्यांत तसं करता येतं. जो सामना रंगेल असं वाटतं तो उशिराच्या वेळेला नेतात, कारण त्या वेळेला जवळजवळ सगळा देश एकच सामना बघतो. मला आधी रागच आला. बारा ही आमची वेळ होती. तेवढी एक गोष्ट यांच्यानंतरही जागच्या जागी राहिली होती.

बुधवारी मी यांचा कॉम्प्युटर उघडला आणि नकाशा शोधला. वेळ लागला, पण सापडला. बराच मोठा भाग एकाच रंगाचा होता. मी इलिनॉयवर बोट ठेवलं आणि उजवीकडे सरकवत नेलं. इंडियाना, मग ओहायो. रंग बदलला नाही.

मी त्या नकाशाचा फोटो काढून मुलाला पाठवला. खाली काहीतरी लिहावं म्हणून खूप वेळ बसले, आणि काही न लिहिताच पाठवला. संध्याकाळी त्याचं उत्तर आलं, "ओके." त्यातून मला काहीच कळेना.

रविवारी बाहेर बर्फ पडत होता. साडेतीनला मी टीव्ही लावला, फोन जागेवर ठेवला. सामना सुरू झाला. फोन वाजला नाही. मध्यंतर झालं. मी दिवे लावले, चहा टाकला. यांच्या कपात ओतला, कारण तोच हाताशी होता, आणि तोंडाशी नेणार तेवढ्यात फोन वाजला.

"आई, लावलंय?"

"लावलंय."

"मी पण." त्यानं त्याच्या टीव्हीचा आवाज कमी केला. "पहिल्यापासून बघतोय. फोन करणार नव्हतो."

"बरं."

"तू बरं नको म्हणूस. काय चाललंय ते सांग. तो रेफरी आंधळा आहे की नाही?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"इतकी वर्षं तिथं बसून काय केलंस?"

"पुस्तकं वाचली," मी म्हटलं, आणि तो हसला. यांच्यासारखा, नाकातून.

त्यानंतर आम्ही बोललो. जाहिरातींत आणि खेळातही, कारण हात वर करायला कोणी नव्हतं. शेवटी आमचा संघ दोन गुणांनी मागे होता आणि एकच लाथ उरली होती. चेंडू दोन खांबांच्या मधून गेला तर तीन गुण आणि जिंकलो. नाही तर संपलं. अशा वेळीसुद्धा त्यांनी जाहिराती लावल्या. मी आवाज बंद केला.

"आई, एक सांगू?" मुलगा म्हणाला. "मला नेहमी आधीच कळायचं."

"काय?"

"बाबा गप्प व्हायचे ना. चांगलं झालं असेल तर श्वास धरून ठेवायचे. वाईट झालं असेल तर कपात चमचा फिरवायचे. फोनवर ऐकू यायचं सगळं. टिंग टिंग टिंग. की मी समजायचो, गेलं."

मी हातातल्या कपाकडे पाहिलं. "मग तू ओरडायचास कसा? एवढ्या जोरात?"

"त्यांना वाटायचं ना, मला माहीत नाही म्हणून." तो खाकरला. "ते किती कष्ट घ्यायचे, आई. मग मी पण घ्यायचो."

खेळ सुरू झाला. मी चमचा कपातून काढून बशीत ठेवला, आवाज होऊ न देता. माझ्या टीव्हीवर चेंडू उडाला, बर्फातून वर गेला, आणि खांबांच्या मधून पलीकडे पडला. सगळं स्टेडियम उसळलं. टीव्हीचा आवाज अजून बंदच होता. ओहायोत अजून ते लोक मैदानावर वाकून उभे होते, आणि माझ्या मुलाला काहीच माहीत नव्हतं. आनंदाची गोष्ट हातात घेऊन त्याच्या येण्याची वाट बघत बसायचं, एवढंच मला करायचं होतं. हे दर रविवारी हेच करत होते, आणि मी समोर बसून वाचत होते.

"आई," तो अगदी हळू म्हणाला, "श्वास घे."

"मी घेतेय."

"नाही घेत आहेस."

"तू बघ समोर," मी म्हटलं.

मग तो ओरडला. बाबांसाठी ओरडायचा तितक्याच जोरात, आवाज चिरकेपर्यंत. मीही ओरडले. मला ओरडायची सवय नाही. आवाज कसातरीच निघाला, आणि तो पुन्हा हसायला लागला. हसता हसता त्याचं हसणं बदललं, ते मला ऐकू आलं. मी फोन कानाशी धरला. टीव्हीवर जाहिराती लागल्या होत्या.

पुढचा सामना पुन्हा दुपारी बाराला होता. बुधवारी मी नकाशा पाहिला. ओहायोचा रंग वेगळा. मी त्याला तसं कळवलं, म्हणजे त्याला वाईट वाटायला नको की मी वाट बघत बसले.

त्याचा लगेच फोन आला. बुधवारी तो कधी फोन करत नाही.

"मग तू सांग ना मला," तो म्हणाला. "मी फोन करतो, तू बघ आणि सांग."

"अरे, मला सगळं कुठं कळतं?"

"कळेल तेवढं सांग."

रविवारी बाराच्या आधी मी चहा टाकला, फोन खुर्चीच्या हातावर ठेवला आणि त्या खुर्चीत बसले. खिडकीपाशी पुस्तक पालथंच होतं.