पॅनलवरच्या मिरच्या

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, अंबाडीला माझ्या नणंदेकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या. गेल्या नाहीत. अजून आठवलं की हायसं वाटतं.

वळ गावात आमच्या घराभोवती सगळी गोदामं. त्यांच्या पत्र्यांवर सोलर चढलं आणि माझ्या नवऱ्याच्याही डोक्यात ते बसलं. आई माहेरी लग्नाला गेल्या होत्या. तेवढ्यात त्याने गच्ची मोजून घेतली आणि जिन्याच्या दारापासून टाकीपर्यंत पॅनल बसवून टाकले. मोजताना गच्ची रिकामी होती, एवढं खरं.

एरवी ती रिकामी नसते. उन्हाळ्यात तिथे मसाल्याच्या मिरच्या, धणे, हळकुंडं वाळतात. ते उतरलं की बोंबील नि सुकट, मधेच गोधड्या. काळ्या टाकीतलं पाणी तर दुपारी हात पोळेल इतकं तापतं. उन्हाचा वापर आम्ही करतच होतो. त्याचं बिल येत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आई परतल्या, वर जाऊन आल्या आणि सरळ फोन घेऊन बसल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. नणंदेला म्हणाल्या, यापुढे तुझ्याकडेच राहीन, मसाल्याला आणलेल्या मिरच्या वाळल्या की निघते. लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी भांडत आलेय, पण त्यांच्याशिवाय त्या घरात राहायची माझी तयारी नव्हती. मिरच्या कुठे वाळवणार, हे विचारायची हिंमतही झाली नाही.

मग एका दुपारी नवऱ्याच्या मोबाईलवर सोलरची वीज एकदम निम्म्यावर आलेली दिसली. त्याने सोलरवाल्याला फोन करून मनसोक्त झापलं. मी आपली वर बघायला गेले. जिन्याजवळच्या पॅनलांवर जुनं पातळ अंथरलेलं, त्यावर मिरच्या, घसरू नयेत म्हणून खालच्या कडेला काठी बांधलेली. आई शेजारी सावलीत बसल्या होत्या. काच चांगली तापते, म्हणाल्या. मला हसू आवरेना.

मागून आलेला नवरा काही हसला नाही. एका पॅनलवर सावली पडली तर सगळी ओळ मार खाते, मला मोबाईलवर बसल्या जागी दिसतं, असं त्याने आईंना सुनावलं.

आईंनी एक मिरची मोडून पाहिली. मग शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या मोबाईलात माझ्या मिरच्या दिसल्या. गच्ची मोजलीस तवा मी न्हाय दिसले?"

तो खाली गेला. मघाशी झापलेल्या सोलरवाल्यालाच त्याने पुन्हा फोन लावला, या वेळी अगदी गोड आवाजात. सोलरवाल्यानेही जरा भाव खाल्ला, पण जिन्याजवळची ओळ काढून गाडीच्या शेडवर बसवून दिली.

मोकळ्या जागेत आईंनी ताडपत्री अंथरली आणि तिथूनच नणंदेला फोन लावला. "मसाला न्यायला तूच ये. मना हितं लय काम हाय."

मी भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं.