काय बदललं तेवढंच सांगा

प्रिय अनय आणि सई,

परवा व्हिडिओ कॉलवर अनय कुरकुरत होता, की अर्धा तास झाला, कंपायलर चालतोच आहे. मी विचारलं, "ओळ एकच बदललीस ना? मग तो सगळंच पुन्हा कशाला करतोय?" त्यावर तुम्ही दोघं इतके हसलात की कॅमेऱ्यात नुसतं छत दिसायला लागलं. "आजी, हे तुला कोणी शिकवलं?" याचं उत्तर फोनवर मावणारं नाही. शिवाय ज्या दारामागे ते उत्तर राहायचं, त्या दारावर या आठवड्यात नवी पाटी लागली. म्हणून आत्ताच नीट लिहून काढते.

मला हे शिकवलं समोरच्या मुलीने. मुलगी म्हणजे अडतीस-एकोणचाळीसची, पण माझ्या वयाला मुलगीच. तिचं नाव लिहीत नाही. तिला विचारलं असतं तर म्हणाली असती, "नावावर काही अवलंबून आहे का, काकू? नाही ना? मग काढून टाका."

इथे शांती नगरमध्ये, आमच्याच मजल्यावर, ती एकटी भाड्याने राहायची आणि घरूनच ऑफिसचं काम करायची. कोणी बोलायला लागलं की तिचं उजव्या हाताचं पहिलं बोट वर जायचं, वर्गात शंका विचारणाऱ्या मुलासारखं. जिन्यात मी गुडघ्यांपासून सुरुवात केली, की बोट वर.

"काकू, कालपासून काय बदललं तेवढंच सांगा."

"गुडघे तेच. रक्तदाब तोच. सुनेचा फोन आला नाही."

"काल आला होता?"

"नाही."

"मग तेही तसंच. म्हणजे आज बातमीच नाही. चला, चहा घेऊ."

(हा भाग आईला वाचून दाखवायची गरज नाही.)

ती जगायचीही तशीच. ऑफिसच्या कॉलच्या आधी शर्टाची फक्त कॉलर इस्त्री करायची. "बाकीचं कोणी बघत नाही, मग त्याला कशाला हात लावायचा?" एकदा कॉल चालू असताना कुरियरवाल्याने बेल वाजवली आणि ही तशीच उठली. साहेबापासून सगळ्यांनी तिची पिवळ्या बदकांची अर्धी चड्डी पाहिली. मला सांगताना म्हणाली, "कॅमेऱ्याची हद्द मी धरली होती, काकू. बेल हिशेबात धरली नव्हती."

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तिला बिचकून असत. एक फ्लॅट विकला गेला तेव्हा ते तिच्या दारात उभे राहिले. "मॅडम, पूरा बोर्ड नया बनाना पडेगा."

"क्यूँ अंकल? नाव तर एकच बदला है ना?"

तिने कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि लिफ्टजवळचा बोर्ड, पत्रपेटी, वॉचमनची वही, इंटरकॉमची यादी अशा सगळ्या ठिकाणी तासाभरात नवं नाव चिकटवलं. सेक्रेटरी खूष. पुढे गणपतीत माइकवरून आरतीचा मान पुकारला गेला, तो नेमका फ्लॅट विकून गेलेल्या गृहस्थांना. आरतीची यादी पुजाऱ्याच्या डायरीत होती आणि ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. दोन दिवस ती खट्टू होती.

"अगं, तुला कोणी बोललंच नाही, तुझा काय दोष?" मी म्हटलं.

"तीच चूक झाली, काकू. माणसांना विचारून यादी करायची नसते. हात कुठे कुठे जातो ते बघायचं असतं."

हे पटवायला ती माझ्याच स्वयंपाकघरात वही घेऊन बसली. आधी मला विचारलं, साबुदाण्याच्या खिचडीला काय काय लागतं? मी शिस्तीत सात जिन्नस सांगितले. मग मी खिचडी करायला घेतली आणि तिने माझा हात जाईल ते ते लिहिलं. एकोणीस नोंदी! लायटर, फडकं, खिडकीची कडी, माझा चष्मा आणि चाखायला घेतलेले दाणे, तेही दोनदा. "दोनदा नाही, एकदाच," मी म्हटलं. तिने वहीच दाखवली.

आता तिचं काम. अनयला माहीत आहे, पण सई, तुझ्यासाठी सांगते. प्रोग्राम माणसं लिहितात, पण यंत्राला तो तसाच कळत नाही. तो यंत्राच्या भाषेत उतरवून देतो तो कंपायलर. तिच्या कंपनीत प्रोग्रामच्या अशा हजारो फाइली होत्या, आणि सगळ्या उतरवायच्या तर पाऊण तास लागे. म्हणून बदललेली फाइल आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या तेवढ्याच पुन्हा उतरवायच्या. कोण कोणावर अवलंबून आहे याची नोंद कंपायलरने काम करता करता आपणच ठेवायची, ही व्यवस्था हिने लिहिलेली. चार वर्षं ती तेच करत होती.

मला ते चटकन कळलं, कारण मी उभा जन्म कायद्याच्या पुस्तकांच्या छापखान्यात काढला. एखादं कलम बदललं की आम्ही ग्राहकांना अख्खा ग्रंथ पाठवत नसू, फक्त बदललेली पानं पाठवत असू. कोणत्या पानावर कोणत्या कलमाचा उल्लेख आहे, ती वही माझ्याकडे असे. हे ऐकल्यावर तिने मला वाकून नमस्कार केला. "काकू, तुम्ही तर आमच्या धंद्यातल्या!"

मग एका पावसाळ्यात तिचं बोट वर जायचं थांबलं. मी जिन्यात गुडघ्यांपासून रक्तदाबापर्यंत सगळं सांगितलं आणि तिने ते मुकाट्याने ऐकून घेतलं. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलं आहे.

तिची ती व्यवस्था मधूनच खोटं बोलत होती. पंधरा दिवसांतून एकदा कोणाला तरी जुनंच उतरवलेलं काढून देई आणि वर सांगे, काही बदललेलं नाही. तिने शोधायला घेतलं की सगळं ठीक चाले. लोकांचा विश्वास उडाला. जो तो सगळं पुसून पहिल्यापासून करायला लागला. तिच्या साहेबांचा आवाज मी तिच्या फोनवर ऐकला: "कोणी वापरतच नाही, तर ठेवायचं कशाला? शुक्रवारपर्यंत कारण सापडलं तर ठीक, नाहीतर काढून टाकू." आवाज सभ्य होता. म्हणून जास्त लागलं असावं.

"चार वर्षं, काकू," ती म्हणाली. "आणि काढायला त्यांना एक दुपार पुरेल."

बुधवारी मी तिला जेवायला बोलावलं. आता बुधवारची पार्श्वभूमी सांगायला हवी. आपल्याकडे श्रावण पाळत नाहीत, हे तुमच्या आजोबांचं धोरण मी निष्ठेने पुढे चालवते आहे. चौक नावाच्या कोळी गावाहून एक मावशी बस आणि रिक्षा करून, पाटी घेऊन, दर बुधवारी दारावर मासळी आणते. पावसाळ्यात मासेमारीला समुद्र बंद असला की ती येत नाही. त्या वर्षी मी पहिल्या दोन बुधवारी तिची वाट पाहिली आणि मग जवळच्या पूनम सागर वसाहतीतल्या मासळीच्या दुकानाला सांगून टाकलं, की दर बुधवारी अर्धा किलो सुरमई पाठवत जा. बर्फातली, पण चालवून घेतली.

त्या बुधवारी तुकड्या तव्यावर होत्या, ही समोर बसून ताटातली पहिली तुकडी नुसती चिवडत होती, आणि दारात मावशी उभी! नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, होड्या पुन्हा समुद्रात गेल्या होत्या. मावशीने पाटी खाली टेकवली आणि नाक वर करून वास घेतला.

"काय गो बाय, कोनाचा मासा तळतेस?"

"दुकानातला," मी म्हटलं.

"मी हाय ना! मागल्या बुधवारी पन खालनं हाक दिली, तू वर बघितलं न्हाय. मी न्हाय म्हनून त्याला धरलास ना? मंग मी आले तरी त्याचाच खातेस?"

मी उगाच म्हटलं, "अगं, दुकान तेच, सुरमई तीच, बुधवार तोच. काही बदललं नाही, म्हणून माझ्या लक्षातच आलं नाही."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वळून बघते तर बोट वर! त्याला तिखट-हळद लागलेली.

"काकू, परत सांगा! तुम्ही आधी कोणाची वाट बघितलीत?"

"मावशीची."

"ती सापडली नाही म्हणून दुकान. आणि लक्षात काय ठेवलंत? फक्त दुकान! मावशी नव्हती, हे कुठे लिहिलंच नाहीत!"

"मी कशाला लिहून ठेवू? मला माहीत होतं."

"मलाही माहीत होतं!" ती ओरडली. "कंपायलर फाइल आधी आपल्या घरच्या कपाटात, म्हणजे त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, शोधतो. तिथे नसली तर सगळ्यांच्या सामायिक कपाटातून घेतो. मी सामायिक कपाटाची नोंद केली. घरच्या कपाटात ती नव्हती, याची केलीच नाही! मग नंतर कोणी त्याच नावाची फाइल घरच्या कपाटात ठेवली, तर त्याला पत्ताच नाही. तो म्हणतो, सामायिक कपाट तसंच आहे, काही बदललं नाही!"

"हिला काय झाला?" मावशीने मला विचारलं.

"हिला मासा लागला," मी म्हटलं.

"दुकानाचाच असल." मावशी पाटी सोडायला बसली.

ती हात न धुता घरी पळाली. संध्याकाळी मी डबा घेऊन गेले, तर लॅपटॉपची अर्धी बटणं पिवळी झाली होती. त्या दिवशी मी दोन्हीकडचे मासे घेतले, कारण मावशीपुढे माझं काही चालत नाही. बुधवारची सुरमई दुकानाला फोन करून बंद केली, तेव्हा ती शेजारून म्हणाली, "बघा, तुमची दुरुस्ती एका फोनमध्ये झाली."

तिची दुरुस्ती शुक्रवारी सकाळी झाली. सगळ्यांसमोर तिने मुद्दाम घरच्या कपाटात नवी फाइल ठेवली आणि जुनी व्यवस्था कशी फसते ते दाखवलं. मग दुरुस्त केलेली चालवली. साहेब म्हणाले, महिनाभर बघू. महिन्याने त्यांनी तो विषयच काढला नाही. ती सांगत होती, तिच्या धंद्यात कौतुक असंच करतात.

पुढे तिच्या आईला एकटीला सोडणं कठीण झालं, तेव्हा ती सांगलीला गेली. नोकरीही बदलली. निघताना मी तिला विचारलं, "आता तिकडे काय काय बदलणार?" बॅगेची चेन लावता लावता ती म्हणाली, "सगळंच, काकू. या खेपेला पहिल्यापासून." बोट वर केलं नाही.

परवा तिला फोन केला होता. जुन्या ऑफिसमध्ये तिच्या हाताखालच्या लोकांपैकी आता कोणी उरलेलं नाही. तिने लिहिलेली व्यवस्था मात्र तिथे रोज चालते. ती कोणी काढली नाही. त्या व्यवस्थेच्या नोंदींमध्ये 'शोधलं, सापडलं नाही' असा एक रकाना आहे, आणि तो भरला जातो.

तुमची,
आजी