खाल्लेलं अंगी का लागेना

आमच्या वस्तीत तिला सगळे वजनमावशी म्हणतात. तिचं स्वतःचं वजन विचारायची मात्र कोणाची छाती नाही. सव्वीस वर्षं ती बालकेंद्रात लहान मुलांची उंची-वजनं घेतेय आणि गेली नऊ वर्षं मी तिची मदतनीस आहे. तिचा एक नियम आहे. काट्यावरचा आकडा ती मोठ्याने सांगणार, मी तो मोठ्याने परत म्हणणार, तेव्हाच तो कार्डावर चढणार. सुरुवातीला मला हे पोपटाचं काम वाटे आणि मी तसं बोलूनही दाखवलं होतं.

मावशीचं मन लोण्याचं, पण जिभेला हाड नाही. गेल्या वर्षी इस्त्रीवालीची दीड वर्षाची चिमी सलग तिसऱ्या महिन्यात सात किलो नऊशेवरच अडकली. मावशीने भरल्या केंद्रात, सगळ्या आयांसमोर विचारलं, "अगं, पोरीला खायला घालतेस, की सगळं लक्ष लोकांच्या कपड्यांवर?"

इस्त्रीवालीने चिमीला कडेवर घेतलं. दारात थांबून एवढंच म्हणाली, "दोन महिन्यांत वाढली नाही, तर हिला माझ्या आईकडे ठेवून येईन. तिथे तरी बाळसं धरेल." तिची आई राहते दिवसभराच्या प्रवासावर. एवढंसं लेकरू आईपासून तोडायचं! मला मावशीचा इतका राग आला की दुपारभर मी तिच्याशी बोलले नाही.

त्याच रागात मी कार्डांचा खण हिसकला आणि तो अख्खा बाहेर आला. दोनशे कार्डं जमिनीवर. ती जन्माच्या महिन्याप्रमाणे लावायची असतात, पण महिने शोधायचा कंटाळा आला. घरं मला पाठ होती, म्हणून गल्लीत जशी आहेत तशीच कार्डं फरशीवर मांडत गेले. मावशी ओरडायला आली आणि ओरडायचं विसरून खाली बसली.

वजन कमी असलं की कार्डाच्या कोपऱ्यात आम्ही लाल खूण करतो. एरवी त्या खुणा खणभर विखुरलेल्या असत. आता गल्लीच्या टोकाच्या आठ खोल्यांमधली अकरा कार्डं समोर होती आणि त्यातली नऊ लाल. बाकी सगळ्या वस्तीत मिळून सात.

"या सगळ्याच आया कामचुकार का?" मी विचारलं.

"गप्प बस," म्हणत तिने चपला घातल्या.

इतकी वर्षं मुलं काट्याकडे येत होती. मावशी त्यांच्या घरी कधी गेली नव्हती. इस्त्रीवालीच्या खोलीत चिमी मऊ भात आणि उकडलेलं अंडं मिटक्या मारत खात होती. "खाते हो चांगली," इस्त्रीवाली आमच्याकडे न बघता म्हणाली, "पण आठवड्याआड जुलाब. अंगी लागेल कसं?"

मावशी नळाच्या पाइपामागे चालत गेली. टोकाच्या आठ खोल्यांना पाणी नेणारा पाइप उघड्या गटारातून जात होता आणि त्याच्या सांध्याला नुसती चिंधी गुंडाळलेली होती.

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी," ती पुटपुटली.

"मग माग माफी."

"भरल्या केंद्रात बोलले, तिथेच मागेन."

त्या दिवसापासून आठही घरांत तिने पाणी उकळायला लावलं. प्लंबर दहा दिवसांनी आला, तोही मावशी त्याच्या दुकानासमोर स्टूल टाकून बसली म्हणून. नवा पाइप भिंतीवरून, गटारापासून हातभर उंच गेला.

मधल्या महिन्यात इस्त्रीवाली वजनाला आलीच नाही. दोन महिने झाले त्या दिवशी ती केंद्रात आली, ती चिमीच्या कपड्यांचं बोचकं बरोबर घेऊनच. मावशीने चिमीला काट्याच्या झोळीत ठेवलं, पण काट्याकडे न बघता ती आधी आयांकडे वळली. "ऐका गं सगळ्या. मी हिला बोलले ते चुकले. ही पोरीला पोटभर घालत होती. पाणी घाण होतं, आणि मी कधी बघायला गेले नव्हते."

मग तिने काटा वाचला. "आठ किलो सहाशे."

मी तोंड उघडलं, तर तिने हातानेच मला थांबवलं आणि इस्त्रीवालीला म्हणाली, "आज तू म्हण."

इस्त्रीवालीने डोळे पुसून काट्याकडे नीट पाहिलं.

"आठ किलो सहाशे," ती म्हणाली, आणि मावशीने आकडा कार्डावर लिहिला. घरी जाताना इस्त्रीवालीच्या कडेवर चिमी होती. बोचकं मी धरलं होतं, गल्लीच्या टोकापर्यंत.