भावासाठी घातलेले गाऱ्हाणे

आमच्या गावात निवडणुकीचा अर्ज तहसील कार्यालयात भरला जातो, हे खरे. पण त्याआधी उमेदवार ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवतो आणि मानकरी त्याच्यासाठी गाऱ्हाणे घालतो, म्हणजे त्याच्या वतीने देवाकडे मागणे मागतो. जमलेला गाव त्यावर ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. हा मान आमच्या घराण्याचा, आणि वडील गेल्यापासून तो मी सांभाळला. तेव्हा मागच्या खेपेस सरपंचपदाला उभा राहिलेला माझा धाकटा भाऊ का पडला, हे सांगण्याचा अधिकार माझ्याइतका दुसऱ्या कोणालाही नाही.

तिठ्यावरच्या चहाच्या दुकानात सांगतात की मी विरोधकाला आतून मिळालो होतो. खोटे. चुलतघरातले म्हणतात, आंब्याच्या कलमांचा जुना राग मी देवळात काढला. तेही खोटे, ती कलमे मी आपण होऊन त्याच्या वाटणीला सोडली होती. काही दयाळू लोक म्हणतात, त्या दिवशी माझा आवाज बसला होता. मला ही दया नको. माझा आवाज खणखणीत होता.

घडले ते असे. विरोधक आधी आला. त्याच्या नारळावर मी नेहमीचेच शब्द म्हटले, “बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो झील सरपंच होवक उभो रवलो आसा. तेका यश दी रे म्हाराजा!” गावाच्या ‘व्हय म्हाराजा’ने सभामंडप दणाणला. मग भाऊ पुढे झाला. इस्त्रीचा पांढरा सदरा, कपाळावर भावजयीने लावलेला टिळा. नारळ ठेवून त्याने हात जोडले आणि डोळे मिटले.

मी थबकलो. देवापुढे उभ्या राहिलेल्या माणसाने आपल्याच घरासाठी मागू नये, असे वाटले. मी म्हटले, “देवा म्हाराजा, जा काय गावाच्या भल्याचा आसात, ता तू घडव.”

‘व्हय म्हाराजा’ आले, पण विस्कळीत. भावाचे हात जोडलेलेच राहिले. गाऱ्हाणे अजून संपलेले नाही, अशी त्याची समजूत होती. गुरवाने नारळ फोडला, तेव्हा त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिले.

पायऱ्या उतरताना कोणीतरी बोललेच, “सख्ख्या भावाक तो नको, मगे आमका रे कित्याक होयो?” लोक हसले. संध्याकाळपर्यंत ते वाक्य सगळ्या वाड्यांतून फिरून आले. भाऊ सात मतांनी पडला.

घरासाठी मागू नये ही वडिलांची शिकवण, असे मी आजवर सर्वांना ठणकावून सांगत आलो. इतरांच्या गोष्टी खोडून काढणाऱ्याने स्वतःचीही तपासावी. वडील असे कधी बोलल्याचे मला आठवत नाही. गावाने मला निःपक्षपाती म्हणावे, एवढीच माझी इच्छा होती, आणि तिची किंमत मी भावाकडून वसूल केली.

त्याला समजावायला मी गेलो नाही. थोरल्याने जायचे नसते, असा माझा हेका. वाटेत भेटला की तो “दादा, बरो मा?” विचारी आणि थांबत नसे. पराभवाने तो खचला, असे लोक म्हणतात. हेही मला मान्य नाही. हरल्यानंतरही खालच्या वाडीच्या नळपाण्यासाठी पंचायतीत खेपा घालणारा तोच होता. फक्त मी गाऱ्हाण्याला उभा राहिलो की तो उठून बाहेर पारावर जाऊन बसे. गेल्या भाद्रपदात तो गेला. तोवर माझे शब्द माझ्याजवळच राहिले.

यंदा त्याचा मुलगा उभा आहे. परवा सकाळी तो नारळ घेऊन देवळात आला. मी धोतर सावरून पुढे झालो. ‘यश दी’ ओठांवर तयार होते.

“काका, तुमी बसा,” तो हळू आवाजात म्हणाला. “पाय दुखतत तुमचे. गुरव घालतलो गाऱ्हाना.”

त्याच्या स्वरात राग नव्हता. गुरवाने सगळे शब्द नीट म्हटले, यशही मागितले. मी मागच्या खांबाशी, चारचौघांत बसून ‘व्हय म्हाराजा’ म्हटले.

माझे पाय दुखत नव्हते.