चतुर्थीच्या भरतीचे सात मासे

काठावर बसून लहान मासे धरायचे असतील तर माणसानं आपली ताकद घरी ठेवून यावं. हे मी आज कुणालाही सांगतो. मला स्वतःला ते कळेपर्यंत अर्धी थंडी गेली, आणि तोवर घरात गरोदर बायको मासळीवाचून राहिली.

तेव्हा तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. मी माणदेशातला. आमच्या गावची नदी वर्षातले आठ महिने नुसती वाळूची. सळया वाकवायच्या आणि तारेनं बांधायच्या, हे माझं काम. अंगठ्याएवढी सळई लांब दांड्याच्या लोखंडी चावीत धरून एका हिसक्यात काटकोनात आणायचो. आमच्या टोळीत असा दुसरा नव्हता. फुशारकी म्हणून सांगत नाही, होतं ते सांगतो. जवळच्याच मच्छीमारांच्या गावात एक खोली भाड्यानं घेतली आणि बायकोला माहेरून तिथं आणलं. तोपर्यंत तिनं समुद्र पाहिला नव्हता. महिन्याभरात तिला माशाची अशी चव लागली की भाजीचं नाव काढीना.

आमच्या ओळीत मासळी आणायची ती पन्नाशीची एक बाई. सगळे तिला मावशी म्हणायचे. एक दिवस सकाळी ती दारात टोपली उतरवून बायकोला सांगत होती की, हे मासे आमच्या म्हाताऱ्यानं खाडीवर गळ टाकून धरले, काल सारी भरती बसून होता बिचारा. मी तोंड धूत होतो. मला गप्प बसवलं नाही.

"त्यात काय कष्ट?" मी म्हणालो. "काठी धरून बसायचं. एवढं तर आमच्याकडचं म्हातारं खाटेवर बसून करील."

मावशीनं टोपलीवर फडकं ओढलं. "दादा, तू मोठा सळया वाकवणारा. येक मासा धरून दाखव. तुज्या हातचा मासा बगीन तवाच या दारात टोपली उतरल."

"न्या टोपली," मी म्हणालो. "या घरात आता मी धरलेलीच मासळी शिजेल."

ती टोपली डोक्यावर घेऊन गेली. मासळीवाल्या बायकांची रीत अशी होती की एकीनं दार सोडलं की दुसरी त्या दारात टोपली उतरवत नसे. संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

बायको शांतपणे म्हणाली, "मला पाचवा लागलाय हे तुम्हाला माहीत आहे. डोहाळे कशाचे लागलेत ते माहीत आहे का?"

मी टोपली गेली त्या वाटेकडं बघितलं. पण शब्द गेला होता. मावशीनं तिला विहिरीवर सांगितलंही होतं, पोरी, तुजं माजं काय भांडण, माज्या घरी येऊन जेव. ही म्हणाली, त्यांनी आणला तरच खाईन. आमच्या घरात हट्टी मी एकटाच, असं लोक समजतात. समजोत.

पहिल्या रविवारी मी तयारीनं निघालो. बांधायच्या तारेचा बोटभर आकडा वाकवला, त्याला जाड सुतळी, सुतळीला साइटवरचा बांबू. आकड्याला लिंबाएवढा भाकरीचा गोळा. आमच्या कामात जाड ते भक्कम. सकाळी दहाला खाडीवर गेलो, पाण्याला लागून असलेल्या एका दगडावर बसलो. तासाभरात पाणी दगडापासून हातभर लांब गेलं. मी पुढं सरकलो. पाणी आणखी मागं गेलं. दुपारपर्यंत मी पाण्याच्या मागंमागं गुडघाभर चिखलात, आणि पाणी पार तिकडं. काठावरून मावशी आणि दोघी-तिघी चालल्या होत्या.

"दादा," मावशी ओरडली, "मासं गेलं डहाणूला! टरक पकड!"

मी वळूनही पाहिलं नाही. चिखलातून पाय निघत नव्हता, हेही एक कारण होतं.

दुसऱ्या रविवारी पाणी होतं, मासेही होते. सुतळीला चिमटे बसायचे, वर काढावं तर आकडा चाटूनपुसून साफ. चार भाकऱ्या त्यांनी खाल्ल्या. घरी आलो तर बायको पोलकं शिवत बसली होती. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "मी म्हणते, एवढंसं त्यांचं तोंड. एवढा आकडा कसा मावत असेल?"

"मोठा मासा आला तर?"

"मला मोठा नको. लहान चालेल."

मी पालघरच्या बाजारातून तुरीच्या दाण्याएवढ्या वाकणाचे गळ आणले आणि तंगूस आणलं. तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, तेव्हा नवाच निघाला होता. केसासारखा बारीक, पाण्यात गेला की दिसत नाही. दुकानदारानं जाडही दाखवलं. माझा हात जाडाकडंच जात होता, खोटं कशाला सांगू. पण बारीक घेतलं. नवशिक्यानं बारीकच घ्यावं. वीतभर माशाला बैल बांधायचा दोर लागत नाही, आणि जाड दोरा दिसला की तो मासा वाऱ्यालाही उभा राहत नाही. गळाच्या वर चार बोटं ज्वारीच्या दाण्याएवढं शिसं दाताखाली दाबून बसवायचं. त्याहून जड नको.

मग दर दोन दिवसांनी बायकोला काही ना काही सुचायला लागलं. भाकरी पाण्यात विरघळते, ती म्हणाली, चिखलात ते लाल लांब किडे असतात त्यांतला एक लावला तर? आणि अख्खा नाही, नखाएवढा तुकडा, गळाचं टोक झाकेल एवढाच. आणखी दोन दिवसांनी म्हणाली, तुम्ही सूर्याकडं पाठ करून बसता, तुमची सावली पाण्यात पडत असेल. सूर्य तोंडावर घ्या. पाण्यापासून दोन पावलं मागं बसा आणि पाय आपटू नका. मला वाटायचं, ही भारी हुशार. ती होतीच. पण हे सगळं विहिरीवरून येत होतं. मावशी घागर भरता भरता एकेक सांगायची आणि बजावायची, माजं नाव घेऊ नको, नायतर तो घाट्या मुद्दाम उलटं करील. हे मला मुलगी झाल्यावर कळलं. तिचा अंदाज बरोबर होता. मी उलटंच केलं असतं.

एवढं करून तिसऱ्या रविवारी एक मासा लागला. दोऱ्याला ओढ बसली आणि मी सळईला देतो तसा हिसका दिला. मासा माझ्या डोक्यावरून मागच्या झुडपात गेला असावा, कारण गळाला फक्त ओठ राहिला होता. झुडपात अर्धा तास शोधलं. एक मुंगूस तेवढं दिसलं, तोंड पुसत चाललेलं.

बायको हसली नाही. रात्रीचं जेवण वाढता वाढता म्हणाली, "माझे केस विंचरताना आई कधी हिसका देत नसे. गुंता लागला की हात थांबवायची, मग अलगद सोडवायची." एवढंच. ताटात पिठलं होतं. ती दोन घास खाऊन उठली, मागच्या दारी जाऊन ओकली आणि येऊन परत भांडी घासायला बसली. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की मावशीकडं जाऊन हात जोडावेत. सकाळी पुन्हा वाटलं नाही. आता चौथा रविवार बघू, असं ठरवलं.

राहिलं होतं पाणी. कधी येतं, कधी जातं, मला काही उमगत नव्हतं. मी साइटच्या भोंग्यावर चालणारा माणूस. बायकोला तेही सुचलं. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराला असते म्हणे, ती म्हणाली, आणि मग रोज पाऊण तास पुढं.

इथं माझी शाळा कामाला आली. मी मराठी तिसरी. गुरुजींनी छडीच्या जोरावर पाऊणकी पाठ करून घेतली होती. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. तिथी धरायची, तिची पाऊणकी म्हणायची, भरतीची वेळ तयार. शिकलेले इंजिनियर हे जाणत नव्हते, मी त्यांतल्या एकाला विचारून खात्री केली. लहान मासे चढत्या पाण्याबरोबर काठाशी चरायला येतात. म्हणून भरतीच्या दोन-अडीच तास आधी जाऊन बसावं, आणि पाणी उतरायला लागून घटकाभर झाली की उठावं. येत्या रविवारी चतुर्थी होती. चार पाऊण तीन. तीनला भरती. मी कोळशानं भिंतीवर लिहून ठेवलं.

त्या रविवारी सकाळी अर्धी पाळी होती. मी भाकरी बांधून घेऊन कामावर गेलो आणि तिथूनच साडेबाराला खाडीवर. पाणी नुकतंच दगडांना लागत होतं. सूर्य तोंडावर घेतला, दोन पावलं मागं बसलो, नखाएवढा किडा लावला. दोरा तर्जनीवर ठेवला, वैद्य नाडी बघतो तसा. बराच वेळ काही नाही. मग टिक. मी हललो नाही. टिक, टिक. हाताला हिसका द्यायची अशी खाज सुटली होती की विचारू नका. तिसऱ्यांदा दोरा जरा लांब ओढला गेला, तेव्हा मनगट नुसतं वर वळवलं, दाराची कडी उचलतो तेवढंच.

वीतभराचा चांदीसारखा मासा वर आला आणि हातात घेतला तर करकर करकर बोलायला लागला. मासा बोलतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याला टाकूनच देणार होतो. त्याचं नावच करकरा आहे हे नंतर समजलं. असे पाच मिळाले. एक काळपट, खडकातला. आणि एक शिंगटी. मिशीवाली, दिसायला गरीब. तिला मी मुठीत धरली आणि तिचा काटा अंगठ्यात गेला. शिंगटी हातानं धरू नये. चपलेखाली दाबावी आणि मग गळ काढावा. अंगठा दोन दिवस ठणकत होता.

माडाच्या पातीच्या हिरात सातही मासे कल्ल्यातून ओवले आणि निघालो. खोलीकडं सरळ वाट होती. मी ती घेतली नाही, गावातून गेलो. बायका वाळत घातलेली मासळी उलटत होत्या. मावशी उठून जवळ आली, एकेक मासा बोटानं वर करून पाहिला.

"शिंगटीनं नांगी मारली वाटतं," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"अंगठा बग तुजा, वांगं झालंय."

आणि ती माझ्या मागोमाग चालू लागली.

बायको दारात बसली होती. तिनं मासे पाहिले आणि तिचा चेहरा असा खुलला, की तसा मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. मग तिचा हात तोंडावर गेला.

"अहो, आज संकष्टी."

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. चतुर्थी, चतुर्थी म्हणून मी आठवडाभर घोकत होतो. भिंतीवर लिहिली होती. तिला वाचता येत नव्हतं. आणि ती लग्नाआधीपासून महिन्याच्या महिन्याला संकष्टी धरत होती, ते मी रोज तिच्या शेजारी राहून विसरलो होतो.

"सकाळी सांगायचं नाही?"

ती म्हणाली, "मला वाटलं, आजही रिकामेच याल."

मी म्हणालो, डोहाळ्याच्या बाईवर देव रागावत नाही, खा. ती म्हणाली, देवाशी माझं मी बघते, उपास मोडणार नाही. मागं मावशी दाराची चौकट धरून हसत होती, पदर तोंडात कोंबून.

"अरं दादा," तिला बोलता येईना, "पाण्याची चतुर्थी मोजलीस, बायकोची नाय मोजलीस?"

मग ती उंबऱ्याबाहेर बसली. कमरेचा सुरा काढून सातही मासे साफ केले, मीठ-हळद लावली. "आज तुमच्या घरात नको. माज्याकडं मडक्यात ऱ्हातील. थंडी हाय, काय होत नाय." उठताना माझ्याकडं न बघता म्हणाली, "हात हलका हाय तुजा." तिच्या तोंडून ते ऐकायला मी आणखी चार रविवार चिखलात बसलो असतो.

सकाळी भोंग्याच्या आधी ती मडकं घेऊन आली. बायकोनं तिखट आणि चिंचेचा कोळ लावून तव्यावर तळले. वासानं शेजारची मांजरं दारात रांगेनं बसली. दोन ताटं मांडली.

"मला वाढू नको," मी म्हणालो. "आज सोमवार."

सोमवारी मी मांसमच्छी खात नाही. वडलांनी लावून दिलेला वार आहे, तेव्हाही पाळला, आजही पाळतो. स्वतः धरलेला पहिला मासा समोर होता म्हणून काय झालं.

मावशीनं कपाळाला हात लावला. "तुमच्या घरात मासा धरायला वार हाय, खायला नाय."

मी चटणी-भाकरी घेऊन बायकोच्या समोर बसलो. ती जेवत होती. पहिले दोन मासे तिनं बघता बघता संपवले. तिसऱ्याला मी विचारलं, कसा लागतो? ती म्हणाली, बोलू नका. पाचव्याला तिनं पाठ भिंतीला टेकवली आणि डोळे मिटून काटा चोखत राहिली. शिंगटी शेवटी खाल्ली. काटे ताटाच्या कडेला नीट लावून ठेवले, पाणी प्यायली, पोटावर हात ठेवून बसली.

"उद्या मंगळवार," मग ती म्हणाली. "उद्या तुमचं काही नाही ना?"

"नाही."

"मग कामावरून सुटल्यावर जा. नऊ आणा. दोन तुम्ही खा."