वाटीभर पेज
भात शिजताना पेजेचा वास सुटला की मला भिलाईतलं आमचं पहिलं क्वार्टर आठवतं. पोलादाचा कारखाना अजून उभा राहत होता. खिडकीबाहेर नुसती उकरलेली माती, आणि ओळखीचं माणूस एकही नाही. एके दिवशी नवरा शिफ्टला गेला आणि पाच महिन्यांच्या मुलाला जुलाब सुरू झाले. आईनं निघतानाच बजावलं होतं, "लेकराले हगवण लागली तं पाणी पाजू नोको, अंगावरचं दूधही बंद ठेवजो." मी तसंच केलं. दुपारपर्यंत तो रडत होता, पण डोळ्यांत टिपूस येईना. तेवढ्यात मातीकामावरची एक मजूर बाई दारात आली. "एक लोटा पानी दे, बाई." मांडीवरचं पोर पाहून ती थबकली. "येला पानी काबर नइ देत हस?" पाणी का देत नाही म्हणून मी आईचं सांगणं तिला सांगितलं. ती आत आली, शेगडीवरच्या भाताची पेज वाटीत काढली, मिठाचा कण टाकला, निववली आणि चमच्याचमच्यानं त्याला पाजली. मग त्याला माझ्या छातीशी लावलं. "महूँ मोर टूरी ला नइ देय रहेंव," ती म्हणाली. तिनंही आपल्या मुलीचं पाणी तोडलं होतं, एवढं मला कळलं. त्या मुलीचं पुढे काय झालं, हे विचारायचा धीर झाला नाही. कामाची शिट्टी वाजली तशी ती धावतच गेली. संध्याकाळी मुलाच्या डोळ्यांतून पाणी आलं. आज तो स्वतः आजोबा आहे. पण मला अजून खुपतं ते एकच, ती पाणी मागायला आली होती आणि मी तिला ते दिलंच नाही.