साखराबाईंचा डबा, अनंतरावांचा पोर्च

लातुरातल्या आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एक पाटी आहे. "घंटागाडी आल्याशिवाय कचऱ्याचा डबा रस्त्यावर दिसू नये. तोवर तो कंपाउंडच्या आत ठेवावा. आदेशावरून." आदेश म्हणजे आमचे सेक्रेटरी अनंतराव. उभा जन्म कचेरीत लोकांना "लेखी आणा" म्हणण्यात गेला. निवृत्तीनंतर लिहायला ही पाटीच उरली.

नियम सगळ्यांना जमला, कारण साडेनऊला गाडी येते तेव्हा प्रत्येक घरी कुणीतरी असतं. साखराबाईंच्या खोलीत कुणी नसतं. बाई जळकोटकडच्या, एकट्या, माझ्या समोर भाड्यानं राहतात. औसा रोडवरच्या एका शाळेत खिचडी शिजवतात. आठची बस चुकली की दीडशे पोरांचा तांदूळ उशिरा चढतो. गाडीची वाट बघण्यात दोनदा उशीर झाला, तेव्हा हेडमास्तरांनी सांगून टाकलं, तिसऱ्यांदा दुसरी बाई बघू. म्हणून डबा फाटकाबाहेर ठेवून त्या कामाला गेल्या, तर अनंतरावांनी तो जप्त केला.

संध्याकाळी बाई डबा मागायला गेल्या. मी शेजारीच, माझ्या कुंपणाशी होतो. झाडांना पाणी घालत होतो असं समजा.

"घ्या तुमचा डबा. आणि पाटी वाचत जा, बाई. डबा कंपाउंडच्या आत पाहिजे," अनंतराव म्हणाले.

"कुणाच्या कंपाउंडच्या, ते न्हाई लिवलं."

अनंतराव हसले. मी हसलो नाही. मी बाईंना ओळखतो.

दुसऱ्या दिवशी पावणेआठला बाईंनी अनंतरावांचं फाटक उघडलं, पोर्चमध्ये त्यांच्या चपलांशेजारी डबा ठेवला, फाटकाला कडी घातली आणि बस पकडली. आता डबा रस्त्यावर काढावा तर स्वतःचाच नियम मोडतो, राहू द्यावा तर वास सुटतो. साडेनऊला सेक्रेटरी बनियनवर कांद्याची सालं घेऊन गाडीमागे निघाले.

असं सहा दिवस चाललं.

"साहेब, आज ओला का सुका?" मी रोज विचारायचो. ते चालण्याचा वेग वाढवायचे.

सातव्या दिवशी त्यांनी बाईंना फाटकातच गाठलं. "ठेवत जा तुमच्या दारासमोर. मी काही म्हणणार नाही."

"तोंडी नको, साहेब. उद्या तुम्ही इसरले तर माझं काम जाईल. लेखी द्या."

आत त्यांच्या बायकोला, प्रेमलावहिनींना, ठसका लागला. हसण्याचा असावा.

"आणि नाही दिलं तर?"

"तर ऱ्हाऊ द्या. तुमचा पोर्च लई गार हाय."

रविवारी अनंतराव ब्रश घेऊन स्टुलावर चढले. स्टूल मी धरलं होतं, जरासं हलवलंही. पाटीवर नवी ओळ आली: "सकाळी कामाला जाणाऱ्यांनी झाकणाचा डबा आपल्या दारासमोर ठेवून जावा."

साखराबाई खाली उभ्या राहून एकेक अक्षर वाचत होत्या. अनंतराव उतरायला लागले, तशी त्यांनी मान हलवली.

"आदेशावरून ऱ्हायलं."

अनंतराव पुन्हा चढले. तेवढं लिहून झाल्यावरच बाई त्यांच्या पोर्चमधून आपला डबा आणायला गेल्या.